खैरवाडीचे बोलावणे

सुभेदार, तुमच्या गावाचे पत्र आले होते.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी, अकराच्या डाकेने आले. पाकिटावर पत्ता आपल्या जखमी शिपायांच्या मंडळाचा होता, आत नाव तुमचे होते. मी ते उघडले, दोनदा वाचले, घडी घातली आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणात, आपल्या नियमांच्या छापील पत्रकांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिले. तुम्ही पलीकडच्या खोलीत होता. लाकडी पाय काढून बाजूला ठेवला होता आणि राधावहिनी तुमच्या गुडघ्याखालच्या जखमेवर पट्टी बांधीत होत्या. दार उघडेच होते. मी उठून चार पावले चाललो असतो तर पत्र तुमच्या हाती पडले असते.

ती चार पावले मी दहा महिन्यांत चाललो नाही. आणि मागच्या महिन्यात तुम्ही गेलात.

मंडळींनी मला तुमच्याविषयी लिहायला सांगितले आहे. तुमचा जन्म, पलटण, लढाई, पदक हे सारे लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. माझ्यापाशी जे आहे ते दुसऱ्या कोणापाशी नाही, म्हणून तेच लिहितो. तुम्हालाच लिहितो, कारण आजवर तुम्हाला दाखवल्याखेरीज मंडळाचा एकही कागद मी बाहेर जाऊ दिलेला नाही. आलेला एक कागद मात्र दाखवला नाही.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवत असेल. मी मिशनच्या शाळेत मराठी शिकवीत असे आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की कचेरीच्या ओट्यावर बसून शिपायांचे अर्ज लिहून देत असे. तुम्ही रांगेत तिघांना पुढे जाऊ दिले आणि मग समोर येऊन बसलात. पासष्टच्या लढाईत सुरुंग काढताना डावा पाय गुडघ्याखाली गेलेला आणि उजव्या कानाने ऐकू येत नसलेला नायब सुभेदार. मी अर्ज लिहून वाचून दाखवला.

"जरा मोठ्यानं, मास्तर. ह्यो कान सुरुंगानं नेलाय."

मी पुन्हा वाचला. माझा आवाज जन्मतःच लहान. मागच्या बाकावरच्या मुलांनीही तीस वर्षे हीच तक्रार केली.

"शेवटी ते 'कृपाभिलाषी' काय म्हनला?"

"म्हणजे कृपेची इच्छा धरणारा."

"कुनाच्या कृपेची?"

"साहेबांच्या."

"खोडा ते. मी काय पाय मागाय आलो न्हाई. काम मागाय आलोय. खाली नुसतं नाव लिवा." मी खोडले. तुम्ही कागद हातात घेऊन बघितलात आणि म्हणालात, "अक्षर लई झ्याक हाय तुमचं. पर मान लई लवती अक्षराची."

त्या दिवशी चहा पिताना तुम्ही मला खैरवाडीची हकिकत सांगितलीत. इस्पितळातून घरी परतलात तेव्हा काष्टीच्या फाट्यावर गाव बैलगाड्या घेऊन आले होते. हलगी होती, हार होते. गावाने तुम्हाला मिरवत नेऊन चावडीच्या ओट्यावर बसवले. "दुसऱ्या दिवशीबी बसवलं. तिसऱ्या दिवशी कुनी बसवलं न्हाई, माजा मीच जाऊन बसलो." तुम्ही हसत सांगत होता. सुगी आली, खळी लागली. घरोघर माणसे कमी पडत होती, पण तुम्हाला कोणी हाक मारली नाही. तुम्ही आपण होऊन किसनच्या खळ्यावर गेलात. किसन म्हणजे तुमचा चुलतभाऊ, एका ताटात जेवून वाढलेला. त्याने धावत येऊन घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "तू बस रं दादा, तू निस्ता बस." सूप तुमच्या हातून काढून घेतले. "मास्तर," तुम्ही म्हणालात, "सुरुंगानं पाय नेला तवा येवढं दुखलं न्हाई." पुढच्याच आठवड्यात तुम्ही वहिनींना घेऊन नगरला आलात.

आपले मंडळ उभे राहिले ते त्या घोंगडीवर, असे मी पुष्कळदा मनाशी म्हणत आलो आहे. माळीवाड्यातल्या त्या दोन खोल्या, एक टेबल, एक बाक आणि तुमचा तो नियम. जखमी होऊन आलेल्या शिपायाने कोणत्याही गावी आपण होऊन जायचे नाही. गावाने बोलवायचे. लेखी बोलवायचे, आणि पत्रात काम काय आहे ते लिहायचे. बोलावणे एकदाच. ज्याला बोलावले त्याने पंधरा दिवसांत स्वतःच्या हाताने उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही तर गावाने नकार समजायचा आणि दुसरे पत्र धाडायचे नाही. हे शेवटचे कलम मला कठोर वाटले होते. तुम्ही म्हणालात, "गावानं दोनदा इचारलं की मानसाला भीड पडती. भिडंनं गेलेला मानूस टिकत न्हाई. आन् गावानंबी कुनाच्या पाया का पडावं?" मी नियम शुद्ध भाषेत उतरवून छापून आणले. प्रत्येक गावाला धाडायच्या पत्रकावर ते कलम माझ्याच शब्दांत आहे. ते कलम पुढे काय करील, हे तुम्हालाही कळले नव्हते आणि मलाही.

राजूरकडच्या एका वाडीने पहिले पत्र पाठवले, ते तुम्हाला तोंडपाठ होते. 'देशासाठी रक्त सांडलेल्या वीराला आम्ही जन्मभर पोसू, त्याचे उपकार फेडू.' तुम्ही लाकडी पाय जमिनीवर आपटलात. नाराजी दाखवायची ती तुमची रीत होती. टक.

"परत धाडा. म्हनावं, पोसाय बैल हायेत तुमच्याकडं. काम काय हाय ते लिवा."

"इतके कडक लिहू?"

"तुमी कसंबी लिवलं तरी मऊच हुतंय, मास्तर."

महिन्याने दुसरे पत्र आले. दवाखाना दोन डोंगर पलीकडे आहे, विळा लागला किंवा पाय मोडला तर माणूस झोळीत घालून न्यावा लागतो, मलमपट्टी येणारा कोणी असेल तर पाठवा. तुम्ही ते तीनदा वाचून घेतलेत. तिथे धाडलेला आपला लंगडा शिपाई पलटणीत मलमपट्टीचेच काम करीत असे. तो आज त्या डोंगरातल्या अकरा वाड्या चालतो. सडपातळ माणूस, एका पायाने आखूड, आणि तुमचे म्हणणे असे की डोंगराची एकच बाजू धरून चालला तर त्याचे लंगडणे कळणारही नाही. तो स्वतः हा विनोद सगळ्यांना सांगतो.

एकाहत्तरच्या लढाईनंतर आपल्याकडे येणारे वाढले. कोणाचा हात गेलेला, कोणाचे डोळे. तुम्ही कोणालाच काय गेले ते विचारले नाही. "काय येतंय?" एवढेच विचारायचा. शाळेतून निवृत्त झालेला मी नोंद घ्यायचो. आपण बसवलेल्या माणसांच्या गावांची नावे तुम्ही भिंतीवर खडूने लिहून ठेवत असा, आणि रोज अकरा वाजता डाकवाला पायरी चढला की पलीकडच्या खोलीतून तुमचा आवाज यायचा, "कुठलं?" मी गावाचे नाव सांगायचो. संगमनेरकडचे, पाथर्डीकडचे, कर्जतकडचे. तुम्ही "बरं" म्हणायचा. त्या "बरं" मधली निराशा माझ्याखेरीज फक्त राधावहिनींना ऐकू येत असे. त्या तर खैरवाडीच्या आशेने उघडच विचारत, "भाऊजी, श्रीगोंद्याकडलं काय हाय का?"

आणि ज्या दिवशी होते, त्या दिवशी मी "नाही" म्हणालो.

त्याआधीच्या पावसाळ्यात पाऊस झाला नव्हता. जिल्हाभर माणसे खडी फोडत होती, विहिरी खोल करत होती. खैरवाडीने आपल्या नियमाला धरून पत्र लिहिले होते. उपकाराचा शब्द नाही, वीर नाही, रक्त नाही. तीन विहिरींना खडक लागला आहे. सुरुंगाचे बार लावायला बाहेरचा माणूस येतो आणि घाईने जातो. दोन बार न उडता खडकात राहिले आहेत, त्यामुळे खाली उतरायची कोणाची छाती होत नाही. बार कसा भरावा आणि न उडालेला कसा काढावा, हे शिकवणारा माणूस हवा. तो माणूस आमच्याच गावचा आहे. नामदेव यासच पाठवावे. खाली किसनची सही आणि मागे चाळीसेक अंगठे. आणखी एक ओळ होती, ती पुढे सांगतो. इथे लिहिण्याचे धैर्य अजून होत नाही.

का लपवले? मी स्वतःला जे सांगितले ते आधी सांगतो. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला सहा आठवडे पाय लावू नका म्हणून बजावले होते. जखम चिघळली होती. पत्र हातात पडले असते तर तुम्ही त्याच संध्याकाळी एस.टी. धरली असती, हे मला ठाऊक होते. म्हणून सहा आठवडे थांबायचे, जखम भरली की द्यायचे, असे मी ठरवले. हे खोटे नाही. पण खरेही एवढेच नाही.

सहा आठवडे झाले, जखम भरली, तुम्ही पुन्हा टक टक करीत पायऱ्या चढू लागलात. आता पत्र द्यायचे तर त्यावरच्या तारखेचा जाब द्यावा लागणार होता. उद्या, असे म्हणत मी खण बंद करी. उत्तराचे पंधरा दिवस कधीच उलटले होते आणि खैरवाडीने नकार समजून घेतला होता. गावाने दुसरे पत्र पाठवले नाही. तुमच्या गावाने तुमचा नियम अक्षरशः पाळला, सुभेदार. त्यांनी थोडी बेशिस्त दाखवली असती, तर माझे पाप सहा आठवड्यांतच उघडे पडले असते.

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. काष्टीच्या बाजाराहून आलेल्या एका माणसाने बाकावर बसून पाणी पिता पिता बातमी सांगितली. खैरवाडीच्या विहिरीत बार उशिरा उडाला, किसनची उजव्या हाताची दोन बोटे गेली.

तुम्ही हातातली पेन्सिल खाली ठेवलीत. मग म्हणालात, "बार उडाला न्हाई म्हनून लगीच बघाय गेला आसंल. लहानपनापास्नं दम न्हाई त्याला." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "एक पत्र धाडायचं हुतं गाढवानं. एक पत्र."

खण माझ्या गुडघ्याशी होता. मी उठलो आणि तुम्हाला पाणी आणून दिले. तुम्ही ते प्यालात आणि "थँक्यू, मास्तर" म्हणालात. तुम्ही पाण्यासाठी माझे कधी आभार मानले नव्हते. त्या दिवशी तुम्हाला वाटले असावे की तुमचे दुःख मला समजले. मला ते समजले होते, सुभेदार. ते मीच दिले होते.

तुम्ही किसनला भेटायला निघालात आणि माळीवाड्याच्या स्टँडवरून परत आलात. वहिनींनी विचारले तर म्हणालात, "बगाय गेलो तर पुन्हा घोंगडी टाकत्याल."

मे महिन्यात आपले भांडण झाले. तुम्ही ज्याला भांडण म्हणत असा ते, म्हणजे तुम्ही बोलायचे आणि मी हळू आवाजात तेच तेच म्हणायचे. मी म्हणालो, नियम सैल करू. गावे दुष्काळाने गांजली आहेत, कोणाला पत्र लिहिण्याचे सुचणार? माणसाने आपण होऊन जावे, त्यात कमीपणा नाही.

"कुनासाठी सैल करताय?"

"सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी न्हाई. माज्यासाठी करताय. मला कुनी बोलावलं न्हाई म्हनून तुमाला माजी कीव आली." टक. "मास्तर, बोलावल्याबिगर गेलेल्याला चहा मिळतोय. काम मिळत न्हाई."

"पण समजा, बोलावणे आले असेल आणि वाटेत हरवले असेल तर?"

हे वाक्य मी खरोखर बोललो. इतक्या जवळ गेलो होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, ऐकू येणारा कान पुढे करून. "हरवंल कसं? डाक तर तुमच्याच हातात येती." आणि हसलात. तुमचा माझ्यावरचा विश्वास इतका सरळ होता की मला त्याच्याकडे बघवले नाही. मग तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "बोलावत्याल. पुन्हा खडक लागला का बोलावत्याल." आपले भांडण तिथेच राहिले आहे. मी त्यात नेहमीप्रमाणे गप्प बसलो आणि तुम्हाला वाटले, तुम्ही जिंकलात.

आता जे पायाच्या सबबीखाली होते ते सांगतो. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना गाव सोडावे लागले. प्रवरेच्या काठचे ते गाव मला नावानेच ठाऊक होते. शाळेची मुले घेऊन एकदा त्या बाजूला गेलो असताना मी वाट वाकडी करून तिथे गेलो. पारावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी अगदी आपुलकीने विचारले, "कुनाकडं आलाव?" मी पाणी पिऊन परत फिरलो. ही गोष्ट मी माझ्या पत्नीलाही सांगितली नव्हती.

तुमच्या गावाचे पत्र वाचताना मला तो पार आठवला. चाळीस अंगठे एका माणसाला परत मागत होते. तुम्ही गेला असता तर परत आला नसता, हे मला कळत होते. मंडळ मी कसेबसे चालवले असते. पण त्या दोन खोल्यांत तुमच्या शेजारी बसून मलाही कोणीतरी बोलावले आहे असे सहा वर्षे वाटत आले होते, ते संपले असते. आणि ज्याला कोणी बोलावत नाही असे आपण दोघे होतो, त्यात मी एकटा उरलो असतो. मी तुमचा पाय जपत नव्हतो. मी तुमचे न बोलावलेपण जपत होतो, कारण ते माझ्या सोबतीला होते. हे लिहिताना मला माझी लाज वाटते. पण ही लाज खरी आहे.

आमच्या उपासनेत दर रविवारी सगळी मंडळी एका सुरात पापकबुली म्हणतात. हे वर्षभर मीही म्हटली. सगळ्यांबरोबर म्हटले की कोणाचेच पाप वेगळे ऐकू येत नाही. माझ्यासारख्या लहान आवाजाच्या माणसाची ती फार मोठी सोय आहे.

दिवाळीनंतरच्या त्या मंगळवारी तुम्ही एका गावाचे पत्र तपासत बसला होता. मी पाठमोरा होतो. पेन्सिल पडल्याचा आवाज झाला. 'उपकार' या शब्दावर तुमची अर्धी रेघ ओढलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. ज्या पायाच्या नावाने मी तुम्हाला अडवून ठेवले, त्याने शेवटपर्यंत दगा दिला नाही.

किसन दुपारच्या गाडीने आला. मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तुमच्यासारखेच कपाळ. अमरधामच्या स्मशानात चितेजवळून निघताना तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, आमी पत्र धाडलं हुतं दादाला. उत्तर आलं न्हाई, मंग नियमापरमानं नकार समजलो. त्येचाबी काय दोष न्हाई, आमी तवा त्येला घोंगडीवर बसवून ठिवलं. पर वैनीला बोलू नका. तिला वाटंल, आज गाऱ्हानं कराय आलो."

मी "बरं" म्हणालो. तुमच्या चितेची धग अंगाला लागत होती, समोर दोन बोटे नसलेला हात होता, आणि मी "बरं" म्हणालो.

दहावा गावी करायचा, असे वहिनींनी ठरवले. "बोलावलं नसंना का," त्या म्हणाल्या, "आता कुठला नियम?" मी खणातून पत्र काढून खिशात घातले. वहिनींना एकांतात द्यावे, एवढीच माझी तयारी होती. एकांतातली कबुली मला झेपण्यासारखी होती.

नदीला या वर्षी पाणी होते. सारे गाव काठावर आले होते. किसनने अर्धवट पंजात धरून पिंड ठेवला आणि माणसे मागे सरून उभी राहिली. मला हा विधी परका, पण ऐकून ठाऊक होता. माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग जवळचे लोक एकेक गोष्ट बोलून दाखवतात, तुमचे हे करू, ते करू, असा शब्द देतात. मी खिशातल्या पत्रावर हात ठेवून उभा होतो. मनातून मला वाटत होते की कावळा येणार नाही. तास जाईल, दोन तास जातील, आणि मग मला बोलावेच लागेल.

माणसे पुरती मागे सरलीही नव्हती, तोच कावळा आला आणि शिवला.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. एक म्हातारे म्हणाले, "बगा, काय ऱ्हायलं न्हाई गड्याचं. तृप्त गेला."

"शिपाईगडी त्यो," दुसरा म्हणाला. "येळ लावायची सवच न्हाई."

कोणीतरी हसले. वहिनीही डोळे पुसत थोड्या हसल्या. "एकच नियम मोडला त्यांनी," त्या म्हणाल्या. "जलमभर जपला आन् शेवटी बोलावल्याबिगर आले."

किसनने मान खाली घातली. मी सांगितल्यावाचून तो कधीच काही म्हणणार नव्हता. तुमची इच्छा राहिली नाही यावर साऱ्या गावाचे एकमत झाले होते, आणि ते खोटे आहे हे त्या काठावर एकट्या मला ठाऊक होते. कावळ्याने माझे काम केले नव्हते. ते माझेच होते.

मी म्हणालो, "वहिनी, बोलावणं होतं."

"काय म्हनलं मास्तर?" मागून आवाज आला. "मोठ्यानं बोला, ऐकू येत न्हाई."

सुभेदार, मी मोठ्याने बोललो. पत्र काढले आणि वाचले. तीन विहिरी, खडक, न उडालेले दोन बार, नामदेव यासच पाठवावे. आणि मग ती ओळ, जी वर लिहायचे मी टाळले. 'त्याने काठावर बसून सांगितले तरी चालेल. खाली उतरायला आम्ही आहोत.'

तुमच्या पायाचा विचार तुमच्या गावाने माझ्याआधी केला होता. तीच ओळ वाचून मी पत्राची घडी घातली होती.

किसन जवळ आला. माझ्या हातातला कागद त्याने ओळखला, आपली सही ओळखली. "म्हंजी दादाला ह्ये गावलंच न्हाई?"

"नाही."

"त्येनं नकार दिलाच न्हाई?"

"नाही. तो माझा होता."

"का वो, मास्तर?"

माझ्या तोंडी सवयीने तेच आले. "पाय चिघळला होता. डॉक्टर म्हणाले..."

"पायाचं सांगू नगा, भाऊजी," राधावहिनी म्हणाल्या. आवाज चढला नाही. "पाय रोज मी बांदत हुते."

मग मी प्रवरेकाठच्या पाराचे सांगितले. तुम्ही गेला असता तर मी एकटा राहिलो असतो, हे सांगितले. वाऱ्याने आवाज मोडत होता, तेव्हा थांबून पुन्हा सांगितले, मागच्यांना ऐकू जाईल असे. किसन दोन बोटे नसलेला हात दुसऱ्या हातात धरून उभा होता. मी त्याची माफी मागितली. वहिनींची मागितली. त्या दोघांनी काय उत्तर दिले ते मी इथे लिहीत नाही. ते त्यांचे आहे, आणि त्यावर माझा हक्क नाही.

मग मी पाण्याकडे तोंड केले. तुम्ही ऐकू येणारा कान पुढे करून बसायचा, तो कोणत्या बाजूला असेल ते मला कळेना. म्हणून मी आयुष्यात कधी काढला नव्हता तेवढा आवाज काढला.

"सुभेदार, तुम्हाला गावानं बोलावलं होतं. पत्र मी लपवलं. तुमच्या पायासाठी नाही, माझ्यासाठी. मला क्षमा करा."